दवाखान्यात काय लागलं, ते मोजा आणि सांगा

आयसीयूतून माणूस परत आला नाही की दारावर येणाऱ्यांना घरचे काय सांगतात ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. "ऑपरेशन चांगलं झालं होतं हो, पण नंतर इन्फेक्शन वाढलं." ऐकणारे मान हलवतात, नशीब म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. कसलं इन्फेक्शन, घरून घेऊन गेले होते का तिथे लागलं, तपासायला काही पाठवलं होतं का, रिपोर्टमध्ये काय निघालं, हे घरच्यांना कोणी सांगितलेलं नसतं आणि त्यांनीही विचारलेलं नसतं, कारण असं विचारता येतं हेच माहिती नसतं. बिलात प्रत्येक सुई, प्रत्येक सलाईन, हातमोज्यांचा प्रत्येक जोड वेगळा लिहून येतो, मग माणूस ज्याने गेला ती गोष्ट कुठेच का लिहिलेली नसते?

माझं म्हणणं सरळ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पेशंट भरती करून घेणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला, मग तो सरकारी असो की खाजगी, आपल्याकडे भरती झाल्यावर किती जणांना नवीन इन्फेक्शन लागलं हे मोजणं बंधनकारक पाहिजे, आणि तो आकडा लोकांना दिसला पाहिजे. पण मोजायचं तर आधी ओळखता आलं पाहिजे, म्हणून जंतू आणि बुरशी ओळखणारी लॅब जिल्ह्यातच, रात्रीसुद्धा, चालू पाहिजे. नवीन बिल्डिंग आणि नवीन व्हेंटिलेटर यांच्या उद्घाटनाला सगळे जातात, या दोन गोष्टींसाठी मात्र कोणी मागणीच करत नाही.

मे 2021 आठवा, आखाजीच्या आसपासचे दिवस. कोरोनातून उठून घरी आलेल्या माणसाचा आठ-पंधरा दिवसांत एका बाजूचा गाल दुखायला लागायचा, नाक चोंदायचं, नाकातून काळपट पाणी यायचं, दात हलायचे, डोळा सुजायचा. म्युकर. पेपरात काळी बुरशी म्हणून नाव पडलं, पण ती बुरशी स्वतः काळी नसते, ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा बंद पाडते आणि जे मांस मरतं ते काळं पडतं. 20 मे 2021 ला केंद्राने सगळ्या राज्यांना साथरोग कायद्याखाली या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं आणि जुलैपर्यंत देशात 45 हजारांच्या वर पेशंट आणि 4,300 च्या वर मृत्यू नोंदले गेले. हा आकडा आज आपल्या तोंडावर आहे तो फक्त एवढ्यासाठी की तेव्हा मोजायची सक्ती झाली. म्युकर काही 2021 ला जन्माला आला नाही, साखर हाताबाहेर गेलेल्या पेशंटमध्ये तो आपल्या देशात आधीपासून जगाच्या मानाने खूप जास्त दिसायचा, पण तेव्हा तो ज्याच्या घरात शिरला त्यालाच माहिती होता.

माझ्या माहितीतले रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी होते, साखर जुनीच होती. कोरोनात स्टिरॉइड मिळालं, ते गरजेचंच होतं, कारण ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटचा जीव डेक्सामेथासोनने वाचतो हे 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं होतं, 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. (त्याच अभ्यासात हेही निघालं होतं की ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला त्याचा फायदा नाही, पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोळ्यांच्या यादीत हा भाग कधीच नव्हता.) स्टिरॉइडने साखर चढते, आणि चढलेली साखर घरी आल्यावर कोणी तपासलीच नाही. मग दाढ दुखते म्हणून ते दातांच्या डॉक्टरकडे गेले, तिथून कानानाकाच्या डॉक्टरकडे, तिथे अँटिबायोटिकचा कोर्स झाला, मग डोळा सुजला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नाकातला एक तुकडा काढून काचेवर ठेवून बघावा असं पहिल्यांदा कोणाला वाटलं ते ते मुंबईला पोचल्यावर. जीव वाचला, पण एक डोळा आणि वरचा जबडा गेला. वजन साधारण 60 किलो, म्युकरवरचं इंजेक्शन लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या रोज 6 वायल, असं कित्येक आठवडे, आणि तेव्हा तर वायल मिळतच नव्हती, पोरं सुरत, इंदूर, पुणे फोन लावून लावून थकली. सगळं बोलणं त्या इंजेक्शनच्या टंचाईवर झालं आणि ते बरोबरच होतं. पण त्या माणसाचे जे दिवस दाढ आणि गाल धरून फिरण्यात गेले त्यावर कोणी बोललं नाही.

ती तपासणी काय असते हे सांगतो, कारण ऐकून वाटतं की फार मोठं मशीन लागत असेल. नाकातून काढलेला कोरडा खवला किंवा तुकडा काचेच्या पट्टीवर ठेवतात, वर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा एक थेंब टाकतात, त्यावर पातळ काच ठेवून थोडा वेळ थांबतात. त्या थेंबाने माणसाच्या पेशी विरघळून जातात, बुरशीची भिंत मात्र टिकते. मग मायक्रोस्कोपखाली बघायचं. म्युकर असेल तर रुंद, फितीसारखे, मधे पडदे जवळपास नसलेले धागे दिसतात आणि त्यांच्या फांद्या काटकोनाकडे झुकतात. ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी असेल तर धागे बारीक, पडदे असलेले, फांद्या साधारण 45 अंशात. हा फरक नुसता पुस्तकातला नाही. ॲस्परजिलसला व्होरिकोनाझोल हे औषध लागू पडतं आणि म्युकरवर ते काही करत नाही, म्हणजे अंदाजाने औषध चालू केलं आणि अंदाज चुकला तर पेशंट महागडं औषध घेत घेत बिघडत जातो. खर्च काही रुपयांचा आहे, आणि तासाभरात किमान बुरशी आहे की नाही आणि साधारण कोणत्या जातीची, एवढं कळतं. मायक्रोस्कोप तर मलेरिया आणि टीबीच्या स्लाईड बघायला ग्रामीण रुग्णालयातही असतो. कमी आहे ती शिकलेल्या डोळ्यांची आणि नमुना पाठवायच्या सवयीची.

हाच थेंब आपल्या शेतकऱ्यांचे डोळे वाचवू शकतो. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागली, ज्वारी-मक्याचं पान बुबुळाला घासलं, डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं, आणि वेचणी सोडून कोण दवाखान्यात जातं, मग मेडिकलमधून थेंब आणले. त्या थेंबात स्टिरॉइड असलं तर पहिले दोन दिवस एकदम आराम पडतो, लाली कमी होते, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. नंतर डोळ्यात फूल पडतं आणि गावाकडे म्हणतात की काडी लागली म्हणून डोळा गेला. काडी लागली हे खरंच, पण बुबुळावरून हलकं खरवडून थेंबाखाली बघितलं असतं आणि नॅटामायसिनचे, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचे, थेंब वेळेत चालू झाले असते तर बऱ्याच जणांची नजर राहिली असती. टीबी बरा झालेल्या माणसाच्या फुप्फुसातल्या जुन्या पोकळीत ॲस्परजिलस घर करतो तिथेही हेच. खोकल्यातून रक्त येतं, बेडक्यात टीबीचा जंतू सापडत नाही, तरी परत टीबीच्याच गोळ्या चालू होतात. सातपुड्यातून ऊसतोडीला आणि गुजरातला जाणाऱ्या माणसाला असं दोनदा-तीनदा टीबीचं औषध खाताना बघितलं की राग येतो.

आता दवाखान्याच्या आतलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलेला आकडा असा की श्रीमंत देशांत भरती झालेल्या 100 पेशंटमागे 7 जणांना आणि आपल्यासारख्या देशांत 15 जणांना दवाखान्यातच किमान एक इन्फेक्शन लागतं, आणि ज्यांना लागतं त्यातला साधारण दहातला एक दगावतो. त्याच अहवालात हेही आहे की हात धुणं आणि बाकीची शिस्त नीट पाळली तर यातली 70 टक्के टळू शकतात. म्हणजे हे अटळ नाहीये, आणि मला जे बोलायचंय ते यावरच.

इन्फेक्शन शिरतं कुठून? बहुतेक वेळा आपणच घातलेल्या नळ्यांतून. लघवीची नळी, मानेतली किंवा मांडीतली मोठ्या शिरेची लाईन, व्हेंटिलेटरची घशातली नळी. नळी हवीच असते तेव्हा जीव वाचवते, पण ती गरज संपल्यावरही राहून जाते, पेशंटला उठवायला नको, चादर ओली व्हायला नको, म्हणून. मोजणं म्हणजे काय करायचं ते खरं तर एका वहीचं काम आहे. रोज ठरलेल्या वेळी सिस्टरने वॉर्डात फिरून लिहायचं, आज किती जणांना लघवीची नळी आहे, किती जणांना लाईन, किती जण व्हेंटिलेटरवर. महिन्याची बेरीज केली की नळीचे दिवस मिळतात, आणि त्या महिन्यात नळीमुळे किती इन्फेक्शन झाली ते 1000 नळी-दिवसांमागे काढायचं. लहान दवाखान्याची मोठ्याशी तुलना यामुळेच करता येते. आणि रोज लिहायला लागलं की सिस्टर आपोआप विचारते, सर, या बेडची नळी अजून लागते का? अर्धं काम त्या प्रश्नानेच होतं.

अमेरिकेत मिशिगन राज्यात 100 च्या वर आयसीयूंनी हे करून दाखवलंय, 2006 मध्ये त्याचे निकाल छापून आले. लाईन टाकण्याआधी हात धुवायचे, पूर्ण गाऊन-ग्लोव्हज-चादर वापरायची, क्लोरहेक्सिडीनने कातडी साफ करायची, शक्यतो मांडीतून लाईन टाकायची नाही, आणि गरज संपली की काढायची. एवढंच. दीड वर्षात लाईनमुळे होणाऱ्या रक्ताच्या इन्फेक्शनमध्ये 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. यातलं काहीही असं नाही जे भुसावळला किंवा शिरपूरला होऊ शकत नाही. पण तिथेही आधी मोजलं गेलं, पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार सिस्टरला दिला गेला, आणि हा शेवटचा भाग आपल्याकडे सगळ्यात अवघड आहे हे मला मान्य आहे.

नाही मोजलं तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे कँडिडा ऑरिस. ही बुरशी पहिल्यांदा 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडली, 2013 मध्ये दिल्लीतून तिच्यामुळे रक्तात झालेल्या इन्फेक्शनची नोंद आली, आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक 19 बुरशींची यादी काढली त्यात ती सगळ्यात वरच्या गटात आहे. बेडच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, थर्मामीटरवर ती आठवडे टिकू शकते, नेहमीच्या काही फिनाईल-लिक्विडने मरत नाही, क्लोरीन लागतं, आणि फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्यावर बहुतेक वेळा चालतच नाही. त्यात जुन्या मशीन तिला दुसऱ्याच कँडिडाच्या नावाने दाखवायच्या. म्हणजे पेशंटला ताप, अँटिबायोटिक वाढवलं, ताप तसाच, अजून मोठं अँटिबायोटिक, पोटातले चांगले जंतू मेले, बुरशीला अजून जागा झाली, मग अंदाजाने फ्लुकोनाझोल, तेही लागू नाही. आणि शेजारच्या बेडला तोच बीपीचा पट्टा. मेरोपेनेमसारखं मोठं अँटिबायोटिक चालू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तात कोणता जंतू किंवा बुरशी वाढते ते बघायची लॅबमधली तपासणी) घेतलं असतं, दोन वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येक बाटलीत पुरेसं रक्त घेऊन, तर निदान हातात काहीतरी आलं असतं. कल्चरमध्ये कँडिडा दर वेळी सापडत नाही, साधारण निम्म्या वेळा हुकते, हे खरंय, पण म्हणून घ्यायचंच नाही हे कसं चालेल.

मग लॅब कुठे आहे? इथे खान्देशची बाजू खरं तर चांगली आहे. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज कितीतरी वर्षांपासून आहे, जळगावला 2018 पासून आणि नंदुरबारला 2020 पासून. मेडिकल कॉलेज म्हटलं की मायक्रोबायोलॉजी विभाग असावाच लागतो. म्हणजे तिन्ही जिल्ह्यांत जागा आहे, शिकवणारे डॉक्टर आहेत. ते फक्त आपल्या दवाखान्यापुरते न राहता पूर्ण जिल्ह्याचे झाले पाहिजेत. चोपडा, पाचोरा, शहादा, साक्री, धडगाव, कुठलाही दवाखाना असो, सरकारी वा खाजगी, त्याचा नमुना तिथे घेतला गेला पाहिजे, ठरलेल्या कमी दरात, आणि सरकारी योजनेतल्या पेशंटसाठी फुकट. टीबीच्या तपासणीचा बेडका गावातून लॅबपर्यंत नेणारी माणसं आणि व्यवस्था आपल्याकडे आहे, तीच वाढवायची. रक्ताच्या कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, पण आपल्या मे महिन्यातल्या गाडीच्या डिकीतही ठेवायची नसते, एवढं शिकवावं लागेल. आणि रात्री अकराला आलेला नाकाचा तुकडा सकाळी दहापर्यंत पडून राहणार असेल तर त्या लॅबचा उपयोग निम्मा, म्हणून रात्रीचा एक टेक्निशियन आणि फोनवर एक डॉक्टर पाहिजेच.

माझ्या ओळखीतले डॉक्टर यावर जे बोलतात ते मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात, आकडा लावला की उद्या प्रत्येक नातेवाईक येऊन कॉलर धरेल. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली, राज्यभर डॉक्टर संपावर गेले, हे खान्देशाने विसरायला नको. दुसरं ते म्हणतात की जो प्रामाणिकपणे मोजेल त्याचाच आकडा मोठा दिसेल आणि जो मोजणारच नाही तो शून्य लावून मोकळा. दोन्ही मुद्दे खरे आहेत. म्हणून पहिली एक-दोन वर्षं दवाखान्यांनी आकडा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यावा, लोकांसमोर फक्त जिल्ह्याचा एकत्र आकडा यावा, आणि त्यासोबत प्रत्येक दवाखान्याने किती कल्चर पाठवले हे मात्र पहिल्या दिवसापासून जाहीर व्हावं. ज्याच्याकडे आयसीयू आहे, व्हेंटिलेटर आहेत, आणि वर्षभरात कल्चर जवळपास शून्य, त्याच्या शून्य इन्फेक्शनवर कोण विश्वास ठेवेल. नंतर मग दवाखानानिहाय आकडे. आणि मारहाणीचं म्हणाल तर काहीच न सांगितल्याने ती थांबलेली नाही, लपवलं असा संशय आला की लोक जास्त चिडतात, हे मी सिव्हिलच्या आवारात उभं राहून बघितलंय.

खर्चाचं रडगाणं मात्र मला पटत नाही. 20-25 बेडच्या दवाखान्याला फक्त याच कामासाठी एक सिस्टर ठेवणं जड जातं हे मान्य, पण तालुक्यातल्या चार-पाच दवाखान्यांनी मिळून एक ठेवता येते. हाताला लावायचं सॅनिटायझर स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड आणि ग्लिसरीनपासून दवाखान्यातच बनवायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच देऊन ठेवलीये. ते प्रत्येक बेडच्या पायाशी पाहिजे, वॉर्डच्या टोकाला बेसिनजवळ नाही, कारण दोन बेडच्या मधे 20-30 सेकंद हात चोळायला सिस्टर थांबेल, बेसिनपर्यंत चालत जाणार नाही, एका पाळीत तिच्याकडे किती पेशंट असतात ते बघा. आणि ज्या मावशी फरशी पुसतात त्यांना क्लोरीन किती पाण्यात किती टाकायचं, कठडे आणि स्विच पण पुसायचे, हे कोणी बसून शिकवतं का? पूर्ण दवाखान्याची स्वच्छता त्यांच्या हातात असते, पगार सगळ्यात कमी, कंत्राटी, आणि ट्रेनिंग नाही.

कूलरचं बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे मे महिन्यात 45 च्या वर जातं, वॉर्डात कूलर लागणारच, त्याला कोणी विरोध करणार नाही. पण त्याचं गवत मागच्या वर्षीचं, टाकीतलं पाणी हिरवं, आणि त्या ओल्या गवतातून येणारी हवा ऑपरेशन झालेल्या, कॅन्सरचं औषध चालू असलेल्या, साखर 400 असलेल्या माणसाच्या तोंडावर. बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात, पण ओल्या गवतात त्यांना वाढायला आयती जागा मिळते. आयसीयूत कूलर नकोच, आणि जनरल वॉर्डात दर उन्हाळ्यात नवीन गवत आणि ठरलेल्या दिवशी टाकी धुणं, हे लिहून भिंतीवर लावलं पाहिजे. बांधकाम चालू असेल तेव्हा धूळ वॉर्डात येऊ न देणं हेही त्यातच.

आणि आपण. कोणी भरती झालं की पूर्ण गाव जीप भरून येतं, "कसं शे आते?" असं विचारायला नाही गेलं तर वर्षभर बोल लागतो. मी या मायेच्या विरोधात नाही, दवाखान्यात एकटा पडलेला माणूस खचतो. पण आयसीयूत एका वेळी एक, आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळून, पेशंटच्या पलंगावर न बसता, आणि बाकीच्यांनी बाहेर थांबून डबा आणि पैशांचं बघायचं. माणूस कमी करा असं सिस्टर म्हणाली तर तिच्यावर ओरडायचं नाही, ती आपल्याच माणसासाठी बोलते.

राहिला आकडा लावायचा प्रश्न. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत 2021 मध्ये सुधारणा झाली तेव्हा पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं गेलं. पेशंटने मागितले तर कागदपत्रं 72 तासांत द्यायची, हा तर डॉक्टरांच्या आचारसंहितेतला 2002 पासूनचा नियम आहे, म्हणजे कल्चरचा रिपोर्ट मागणं हा आजसुद्धा तुमचा हक्क आहे, मागा. त्याच दरपत्रकाच्या शेजारी किती कल्चर पाठवले आणि 1000 नळी-दिवसांमागे किती इन्फेक्शन झाली या दोन ओळी लागाव्यात एवढीच नियमात भर हवी. सुरुवात तिन्ही सरकारी मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांपासून करा, तिथे लॅबही सरकारची आहे आणि भिंतही. आमदार-खासदारांकडे नवीन बेड मागायला जाल तेव्हा अर्जात हेही लिहा.